कॉम्प्युटरवरच्या अनोळखी फाइल्स: कोणाच्या, कशाच्या, आणि काढायच्या की ठेवायच्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरचा कॉम्प्युटर काही वर्षं वापरला की आपण कधीच न बनवलेल्या फाइल्स त्यावर दिसू लागतात. त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी असतात, काही अत्यावश्यक असतात आणि एखादीच खरोखर वाईट असते. खालची उत्तरं मुख्यतः विंडोज १० आणि ११ साठी आहेत. मॅकचा विषय आला तिथे तसं म्हटलं आहे. फाइल्सची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, स्क्रीनवर ती इंग्रजी अक्षरांत दिसतील.

अनोळखी फाइल दिसली. सगळ्यात आधी काय करू?

उघडू नका आणि उडवूही नका. राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. त्या छोट्या खिडकीत फाइलची बरीचशी कुंडली मिळते.

पहिली गोष्ट, फाइल कुठे आहे. तिच्या नावापेक्षा तिचा पत्ता जास्त बोलतो. विंडोज फोल्डरच्या आत असेल तर हात लावायचा नाही. प्रोग्राम फाइल्समध्ये असेल तर ती कुठल्या तरी प्रोग्रामची आहे. नको असेल तर तो प्रोग्राम सेटिंग्जमधून अनइन्स्टॉल करायचा, फाइल उचकटायची नाही. ॲपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरात ब्राउझरचे बुकमार्क, सेव्ह केलेले पासवर्ड, ईमेल असं सगळं असतं, त्यामुळे तिथे फार जपून. डाउनलोड्स, डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्समध्ये असेल तर ती घरातल्याच कोणीतरी आणलेली असण्याची शक्यता मोठी. घरात विचारून बघा. निम्मी कोडी तिथेच सुटतात.

दुसरी गोष्ट, तारीख. फाइल ज्या दिवशी आली त्या दिवशी आणखी काय घडलं? सेटिंग्जमधली ॲप्सची यादी इन्स्टॉलच्या तारखेप्रमाणे लावता येते, ती शेजारी ठेवून बघा. ‘क्रिएटेड’ची तारीख ‘मॉडिफाइड’च्या नंतरची दिसली तर गोंधळू नका. फाइल दुसरीकडून कॉपी होऊन आली की असंच होतं.

तिसरी गोष्ट, सही. चालणाऱ्या फाइलच्या, म्हणजे ईएक्सई किंवा डीएलएलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा टॅब असेल तर ती कोणत्या कंपनीची आहे ते कळतं. मात्र टॅब नाही म्हणून फाइल खोटी, असं समजू नका. विंडोजच्याच कितीतरी फाइल्सच्या सह्या वेगळ्या कॅटलॉगमध्ये ठेवलेल्या असतात आणि तो टॅब दिसतच नाही. साधं नोटपॅडसुद्धा त्यातलंच.

फाइलचं नाव इंटरनेटवर शोधलं. एक जण म्हणतो व्हायरस आहे, दुसरा म्हणतो विंडोजचीच आहे. खरं कोणाचं?

दोघांचंही खरं असू शकतं, कारण नाव कोणीही कोणतंही देऊ शकतो. ‘एसव्हीसीहोस्ट’ हे नेहमीचं उदाहरण. ही विंडोजची स्वतःची फाइल, पार्श्वभूमीवर सेवा चालवणारी. टास्क मॅनेजरमध्ये ती पन्नास-साठ वेळा दिसली तरी ते नैसर्गिक आहे: २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असलेल्या मशीनवर बहुतेक सेवा वेगवेगळ्या चालवल्या जातात. खरी एसव्हीसीहोस्ट राहते विंडोज फोल्डरातल्या सिस्टम३२ मध्ये. हेच नाव डाउनलोड्समध्ये किंवा टेम्प फोल्डरात दिसलं, किंवा स्पेलिंगमधली दोन अक्षरं इकडची तिकडे झालेली असली, ‘ओ’च्या जागी शून्य असलं, तर मात्र संशय घ्या.

उलटी फसवणूकही होते, आणि ती मला जास्त काळजीची वाटते. २००१ मध्ये एक ईमेल जगभर फिरली: तुमच्या मशीनवर ‘सल्फएनबीके’ नावाची फाइल असेल तर तो व्हायरस आहे, ताबडतोब डिलीट करा आणि सगळ्यांना कळवा. लोकांनी शोधलं, फाइल सापडली, त्यांनी उडवली. ती विंडोज ९८ चीच होती, लांब नावं परत मिळवून देणारी. पुढच्याच वर्षी ‘जेडीबीजीएमजीआर’ची पाळी आली. या फाइलचं चित्र टेडी बेअरचं होतं, त्यामुळे ती लोकांना अधिकच संशयास्पद वाटली. प्रत्यक्षात ती जावाशी संबंधित मायक्रोसॉफ्टचीच फाइल. या दोन्ही प्रकारांत व्हायरस नव्हताच. नुकसान माणसांनी स्वतःच्या हातांनी केलं. असे निरोप आजही फॉरवर्ड होतात. ‘अमुक फाइल सापडली तर लगेच उडवा’ असं कोणी सांगितलं की तिथेच थांबा.

सी ड्राइव्हवर पेजफाइल आणि हायबरफिल नावाच्या कित्येक जीबीच्या फाइल्स आहेत. काढू का?

पेजफाइल राहू द्या. रॅम अपुरी पडली की विंडोज त्या जागेचा आधार घेतं. शेजारची छोटी स्वॅपफाइलही राहू द्या.

हायबरफिलचं वेगळं आहे. हायबरनेट करताना रॅममधला मजकूर तिच्यात साठतो आणि तिचा आकार सहसा रॅमच्या ४० टक्के असतो. १६ जीबी रॅम असेल तर सहा जीबीहून जास्त. तुम्ही हायबरनेट वापरतच नसाल आणि जागेची खरी टंचाई असेल तर पॉवरसीएफजी या आज्ञेने हायबरनेशन बंद करता येतं, मग फाइल आपोआप जाते. त्यासोबत ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद होतं, त्यामुळे मशीन सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल.

प्रत्येक फोल्डरात डेस्कटॉप डॉट आयएनआय, थंब्स डॉट डीबी, डीएस स्टोअर असं काहीतरी असतं. हे काय आहे?

तीनही फोल्डरच्या दिसण्याशी संबंधित आहेत. पहिल्या फाइलमध्ये फोल्डरचं आयकॉन वगैरे लक्षात ठेवलेलं असतं. दुसरीत फोटोंच्या लहान प्रतिमा. विंडोज व्हिस्टापासून त्या प्रतिमा एका ठिकाणी साठवल्या जातात, म्हणून थंब्स डॉट डीबी आता मुख्यतः जुन्या फोल्डरांत आणि नेटवर्कवरच्या ड्राइव्हमध्ये सापडते. तिसरी मॅकची. पेन ड्राइव्ह कोणाच्या मॅकला लावून आणला की ती दिसते, आणि तिच्याबरोबर टिंब-अधोरेषेने सुरू होणाऱ्या कितीतरी छोट्या फाइल्सही येतात. पेन ड्राइव्हवरच्या या मॅकच्या फाइल्स विंडोजमध्ये उडवल्या तरी तुमचे फोटो आणि कागदपत्रं शाबूत राहतात. बाकीच्याही उडवल्या तर फार तर फोल्डरचं दिसणं मूळपदावर जाईल. त्रास होत नसेल तर सोडून द्या.

वर्डच्या फाइलशेजारी लहरी रेघ आणि डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारी तशीच एक फाइल दिसते.

कागदपत्र उघडं असताना वर्ड ही खुणेची फाइल बनवतं. कागदपत्र कोणी उघडलं आहे त्याचं नाव तिच्यात असतं, मजकूर नसतो. वर्ड बंद केलं की ती जाते. वीज गेली किंवा वर्ड मध्येच अडकून बंद पडलं तर मागे राहते. सगळे वर्ड बंद करा, मग खुशाल काढा.

नावाच्या शेवटी सीआरडाउनलोड किंवा पार्ट असं शेपूट (एक्स्टेन्शन) असलेल्या फाइल्स म्हणजे क्रोम किंवा फायरफॉक्सची अर्धवट डाउनलोड. सध्या काही उतरत नसेल तर त्यांचा उपयोग नाही.

डी ड्राइव्हवर आकडे-अक्षरांच्या लांबलचक नावाची फोल्डरं आहेत, शिवाय ‘इन्स्टॉल’, ‘व्हीसी रेड’ आणि बऱ्याच ‘युला’ फाइल्सही. हॅक झालंय का?

नाही, आणि ही भीती अनेकांना वाटते म्हणून नीट सांगतो. लांबलचक नावाची फोल्डरं बहुधा मायक्रोसॉफ्टच्या अपडेटने किंवा एखाद्या इन्स्टॉलरने तात्पुरती बनवलेली असतात. काम संपल्यावर ती पुसायला हवीत, पण राहून जातात. इन्स्टॉलर सर्वांत मोकळ्या ड्राइव्हवर तात्पुरतं सामान काढतो, म्हणून ती सी सोडून भलत्याच ड्राइव्हवर, कधी बाहेरच्या हार्ड डिस्कवरही सापडतात.

‘व्हीसी रेड’ आणि ‘युला’च्या फाइल्स हा मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी प्लस प्लस २००८ च्या पॅकेजमधला जाहीर दोष आहे. एखादा खेळ किंवा जुना प्रोग्राम टाकताना ते पॅकेज येतं आणि आपल्या तात्पुरत्या फाइल्स ड्राइव्हच्या तोंडाशीच टाकून जातं. त्या काढल्या तरी प्रोग्राम बिघडत नाही. मशीन एकदा रीस्टार्ट करा, एखादं अपडेट अर्धवट चाललं नाही ना ते बघा, मग काढा.

विंडोज फोल्डरच फार फुगलंय. विनएसएक्सएस, इन्स्टॉलर, आणि वेगळं विंडोज डॉट ओल्ड. कशाला हात लावू?

विनएसएक्सएस म्हणजे विंडोजच्या घटकांचं कोठार. ते जितकं मोठं दिसतं तितकं नसतं. त्यातल्या कितीतरी फाइल्स एकाच वेळी दोन ठिकाणी नोंदलेल्या असतात आणि एक्सप्लोरर त्या दोनदा मोजतं. हातांनी काहीही काढू नका. डिस्क क्लीनअपमधला ‘विंडोज अपडेट क्लीनअप’ हा पर्याय तिथलं जुनं सामान रीतसर काढतो.

लपलेल्या इन्स्टॉलर फोल्डरातल्या फाइल्स प्रोग्राम दुरुस्त करायला, अपडेट करायला किंवा अनइन्स्टॉल करायला लागतात. आज काढल्या तर आज काही कळणार नाही. सहा महिन्यांनी ऑफिसचं अपडेट अडेल आणि कारण कोणालाच सापडणार नाही.

विंडोज डॉट ओल्ड म्हणजे अपग्रेडआधीची विंडोज. परत मागे जायची सोय म्हणून ती ठेवलेली असते आणि सहसा १० दिवसांनी आपोआप जाते. कागदपत्रं नव्या विंडोजमध्ये आली आहेत याची खात्री होईपर्यंत घाई नको.

फाइल आहे, पण कशानेच उघडत नाही. कशाची आहे हे कसं कळणार?

नावाचं शेपूट खोटं असू शकतं किंवा गळून गेलेलं असू शकतं, पण फाइलच्या आतली पहिली काही अक्षरं सहसा खरं सांगतात. फाइलची एक प्रत करा आणि ती प्रत नोटपॅडमध्ये उघडा. बहुतेक सगळा कचरा दिसेल, पण अगदी सुरुवात वाचा. टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ अशी अक्षरं असतील तर ती पीडीएफ. ‘पीके’ असेल तर झिप. नव्या वर्ड आणि एक्सेलच्या फाइल्सही आतून झिपच असतात. ही दोन अक्षरं झिप बनवणाऱ्या फिल काट्झ यांच्या नावाची. ‘एमझेड’ असेल तर तो चालणारा प्रोग्राम आहे, आणि फोटो म्हणून आलेल्या फाइलच्या सुरुवातीला ही अक्षरं दिसली तर ती अजिबात चालवू नका. प्रकार कळला की प्रतीच्या नावाला योग्य शेपूट लावून उघडून बघा.

ईमेलबरोबर ‘विनमेल डॉट डॅट’ आली असेल तर ती आउटलुकने आपल्या खास पद्धतीने बांधलेली जोडणी आहे. पाठवणाऱ्याला साध्या मजकुराच्या स्वरूपात पुन्हा पाठवायला सांगा. एचईआयसी म्हणजे आयफोनचे फोटो, २०१७ च्या आयओएस ११ पासूनचे.

मराठी वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट. जुनी वर्डची फाइल उघडली आणि आत इंग्रजी अक्षरांची निरर्थक खिचडी दिसली, तर ती खराब झाली असं समजून टाकून देऊ नका. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला तो मराठी मजकूर असू शकतो. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत, त्यामुळे फॉन्ट मशीनवर नसला की नुसती अक्षरं उरतात. मजकुरावर क्लिक करून वर्डच्या फॉन्टच्या चौकटीत कोणतं नाव दिसतं ते बघा. तो फॉन्ट टाका किंवा त्या फॉन्टसाठीचा युनिकोड कन्व्हर्टर वापरा. घरातल्या कोणाच्या कविता, वंशावळ, पत्रं अशाच फाइल्समध्ये पडून असतात आणि ‘करप्ट’ म्हणून उडवल्या जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

व्हायरसचाच संशय आहे. तपासू कसं?

आधी एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूतून फाइलनेम एक्स्टेन्शन्स दाखवायला सांगा. विंडोज ती मुळात लपवून ठेवतं आणि फसवणाऱ्याला तेच हवं असतं. मे २००० मधला ‘आय लव्ह यू’ हा किडा (स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्राम) असाच पसरला: नावात टीएक्सटी दिसे, खरं शेपूट व्हीबीएस होतं. आजही बिल किंवा बायोडेटा म्हणून आलेल्या फाइलच्या अगदी शेवटी ईएक्सई, एससीआर, जेएस किंवा एलएनके असेल तर ते कागदपत्र नव्हे.

मग विंडोज डिफेंडर या विंडोजच्याच अँटिव्हायरसने तेवढीच फाइल स्कॅन करा. आणखी खात्री हवी असेल तर व्हायरसटोटल ही सेवा आहे. २००४ मध्ये सुरू झाली, २०१२ पासून गुगलकडे आहे, आणि एकच फाइल डझनावारी अँटिव्हायरसकडून तपासून देते. साठपैकी एक-दोघांनीच बोट दाखवलं तर तो खोटा इशारा असू शकतो. नामांकित दहा-पंधरा एकमताने बोलले तर विषय संपला. पण तिथे टाकलेली फाइल सुरक्षा क्षेत्रातल्या इतर संस्थांनाही मिळू शकते. बँकेचे कागद, ओळखपत्र, वैद्यकीय अहवाल तिथे चढवू नका. त्याऐवजी सेव्हन-झिप या प्रोग्रामच्या राइट-क्लिक मेनूतून फाइलचा एसएचए-२५६ ठसा (फाइलवरून काढलेला आकडे-अक्षरांचा लांब ओळखक्रमांक) काढा आणि व्हायरसटोटलवर नुसता तो शोधा. फाइल तुमच्याकडेच राहते.

फाइल काढली की पुन्हा येत असेल तर तिला परत आणणारं काहीतरी मशीनबरोबर सुरू होतंय. ते शोधायला मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स हे मोफत साधन आहे. त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायचा पर्याय निवडला की यादी आवाक्यात येते.

पेन ड्राइव्हमधली सगळी फोल्डरं शॉर्टकट झाली आहेत. डेटा गेला का?

बहुतेक वेळा नाही. किड्याने खरी फोल्डरं लपवलेली असतात आणि त्याच नावाचे शॉर्टकट ठेवलेले असतात. शॉर्टकटवर क्लिक करू नका, त्यानेच किडा तुमच्या मशीनवर येतो. एक्सप्लोररमध्ये लपलेल्या फाइल्स दाखवा आणि ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स’ची खूण काढा. खरी फोल्डरं फिकट दिसू लागतील, कधी एखाद्या निनावी फोल्डरच्या आत. आतले फोटो, कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करा, स्कॅन करा, मग पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा. आणि ज्या मशीनवरून हे आलं तेही तपासा, नाहीतर उद्या पुन्हा तेच.

सगळ्या फोटोंच्या नावांना विचित्र शेपूट लागलंय आणि प्रत्येक फोल्डरात ‘रीडमी’ आहे.

हे रॅन्समवेअर आहे, म्हणजे फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम. नेट तोडा, बाहेरची डिस्क काढा. कुलूपबंद फाइल्स आणि ती चिठ्ठी, काहीही उडवू नका. त्यावरूनच प्रकार ओळखता येतो. युरोपोल, डच पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर काही प्रकारांच्या किल्ल्या फुकट मिळतात. आज तुमच्या प्रकाराची किल्ली नसली तरी फाइल्स जपून ठेवा, पुढे येऊ शकते. सगळं नव्याने इन्स्टॉल करण्याआधी त्या फाइल्सची प्रत बाजूला काढा.

एका क्लिकमध्ये सगळं साफ करणारं क्लीनर टाकू का?

नको. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करून वेग वाढवण्याचे दावे तर मुळीच मानू नका. अशा साधनांना मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही. विंडोजमध्ये आहे तेवढं पुरतं.

मग सफाई करायची कशी?

आधी बॅकअप. तुमच्या फोटोंची आणि कागदांची एक प्रत या मशीनच्या बाहेर आहे का? नसेल तर तेवढंच काम आज करा आणि सफाई पुढे ढकला.

त्यानंतर जागा नेमकी कुठे गेली ते बघा. विनडिरस्टॅट किंवा विझट्री सगळी डिस्क चित्ररूपात दाखवतं. हजार बारीकसारीक फाइल्स टिपण्यात एक संध्याकाळ जाते आणि पाचशे एमबीही सुटत नाहीत. त्याच वेळी विसरलेला एखादा व्हिडिओ किंवा जुन्या फोनचा बॅकअप वीस जीबी धरून बसलेला असतो. सेटिंग्जमधल्या ‘स्टोरेज’मधून टेम्पररी फाइल्स काढा, पण यादीतल्या प्रत्येक खुणेकडे बघा. डाउनलोड्स फोल्डरही त्या यादीत असतो आणि अनेकांची महत्त्वाची कागदपत्रं तिथेच पडलेली असतात.

ज्या फाइलबद्दल शंका आहे आणि जी तुमच्याच फोल्डरांत आहे, ती डिलीट करू नका. ‘तपासायच्या’ नावाचं एक फोल्डर करून त्यात हलवा, मूळ जागा एका कागदावर लिहा आणि महिनाभर थांबा. काहीच अडलं नाही तर काढा. फाइलवर ढगाचं किंवा हिरव्या ‘बरोबर’च्या खुणेचं चिन्ह असेल तर ती वनड्राइव्हसारख्या सेवेशी जोडलेली आहे. इथे उडवली की फोनवरून आणि इतर मशीनवरूनही जाईल. फक्त जागा मोकळी करायची असेल तर राइट-क्लिकमधलं ‘फ्री अप स्पेस’ वापरा.

‘फाइल वापरात आहे’ म्हणून डिलीट होत नाही.

रीस्टार्ट करून बघा. तरी अडलं तर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधलं ‘फाइल लॉकस्मिथ’ ती कोणी धरून ठेवली आहे ते सांगतं. विंडोजची स्वतःची प्रक्रिया निघाली तर तिथेच सोडा.

घरातलं माणूस गेलं. त्यांचा कॉम्प्युटर आता दुसऱ्याला वापरायला द्यायचा आहे. काय ठेवू?

सगळं. निदान सुरुवातीला. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या आणि त्यांच्या नावाचं संपूर्ण युजर फोल्डर, लपलेल्या फाइल्ससकट, तिच्यावर उतरवा. डी ड्राइव्ह असेल तर तोही. दुःखाच्या दिवसांत बसून एकेक फाइल निवडू नका. पीएसटी किंवा डीबीएक्स अशा शेपटाच्या फाइल्समध्ये त्यांची सगळी ईमेल असू शकते, आणि त्या बाहेरून अगदी निरर्थक दिसतात. जुन्या फॉन्टमधल्या मजकुराचं वर सांगितलंच आहे. मशीन रिकामं करण्याआधी कॉपी केलेल्या फाइल्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा.

चुकून हवी असलेली फाइल उडवली. आता?

आधी रीसायकल बिन. पेन ड्राइव्हवरून उडवलेली फाइल तिथे सहसा जात नाही, हे लक्षात घ्या. क्लाउडला जोडलेली असेल तर त्या सेवेच्या वेबसाइटवरही वेगळा बिन असतो, तोही बघा.

तिथे नसेल तर त्या ड्राइव्हवर काहीही लिहू नका: नवं डाउनलोड नाही, इन्स्टॉल नाही, ब्राउझरसुद्धा बंद. फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कवर आणि मेमरी कार्डवर पुसलेला मजकूर नवं काही त्याच्यावर लिहिलं जाईपर्यंत टिकून असतो. फोटोरेक किंवा मायक्रोसॉफ्टचं विंडोज फाइल रिकव्हरी तो काढून देऊ शकतं. हे साधन दुसऱ्या ड्राइव्हवर टाका आणि सापडलेल्या फाइल्सही दुसऱ्याच ड्राइव्हवर उतरवा. एसएसडीवर, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या नव्या डिस्कवर, मात्र ट्रिम नावाची सोय उडवलेल्या जागा लवकरच खरोखर रिकाम्या करते, त्यामुळे तिथे आशा फार कमी. फाइलची दुसरी प्रत ईमेलच्या ‘सेंट’मध्ये, फोनवर किंवा ज्यांना पाठवली होती त्यांच्याकडे मिळते का, ते आधी शोधा.